फ्लॅट बघायच्या आधी वही उघडा

पुण्यात फ्लॅट शोधायला घेतला की आठवड्याभरात मोबाइलमध्ये इतक्या जाहिराती साठतात, की मोठ्या गच्चीचं घर वारज्यातलं की बावधनचं यावर नवरा-बायकोत वाद सुरू होतात. आमच्याकडे लेक आणि जावई दोघंही हिंजवडीला नोकरीला. त्यांचा वेळ जातो ट्रॅफिकमध्ये, म्हणून जाहिराती चाळायचं आणि त्यांचा हिशेब ठेवायचं खातं माझ्याकडे आलं. मी भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होते. तिथे मालाच्या प्रत्येक कप्प्याला एक बिन कार्ड टांगलेलं असायचं. माल आला, गेला, की तारीख घालून नोंद करायची आणि पुढे शिल्लक लिहायची. खाडाखोड चालत नसे. आकडा बदलला तर जुना तसाच ठेवून खालच्या ओळीत नवा लिहायचा. घरांच्या जाहिरातींना मी हाच कायदा लावला, आणि तो इथे चांगला चालतो.

कारण जाहिरात म्हणजे घर नव्हे. अमुक तारखेला अमुक माणसाने त्या घराबद्दल केलेलं ते विधान असतं. घर एकच राहतं, विधानं बदलत जातात. त्यामुळे दोन्हींची नोंद वेगळी ठेवायची. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे.

पोर्टलवर हार्टचं चिन्ह दाबलं की घर जपून राहिलं, असं पोरांना वाटतं. ते राहत नाही. जाहिरात काढून टाकली की तिथे ‘उपलब्ध नाही’ एवढंच उरतं. किंमत बदलली तर जुनी किंमत काय होती, हे पोर्टल तुम्हाला आपणहून सांगायला येत नाही. तीच जाहिरात काढून पुन्हा टाकली की तिच्यावरची तारीखही ताजी होते. तीन महिने पडून असलेलं घर ‘कालच आलंय मॅडम’ होतं ते असं.

दोन पानांची शीट

गूगल शीट्समध्ये एक फाइल करा. तिच्यात दोन पानं ठेवा. पहिल्याचं नाव ‘घरं’, दुसऱ्याचं ‘नोंदी’.

‘घरं’ या पानावर एका फ्लॅटला एकच ओळ. प्रत्येक फ्लॅटला स्वतःचा कोड द्या. मी भागाचं अक्षर आणि आकडा वापरते: वा-०७ म्हणजे वारज्यातलं सातवं, धा-०३ म्हणजे धायरीतलं तिसरं. सोसायटी, विंग, मजला, कार्पेट (आतली वापरायची जागा), इमारतीचं वय, पार्किंग, पाणी, कम्प्लीशन (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) आहे का, कन्व्हेयन्स (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, सध्याची स्थिती, हे रकाने इथे येतात. सुरुवातीला यातले निम्मे रिकामे राहतात. राहू देत. रिकामा रकाना म्हणजे पुढच्या फोनवर विचारायचा प्रश्न.

‘नोंदी’ या पानावर मात्र जाहिरात जितक्यांदा दिसेल किंवा बदलेल तितक्या ओळी. तारीख, घराचा कोड, कुठे दिसली, जाहिरातीचा क्रमांक, टाकणारा मालक की एजंट, मागितलेली किंमत, सांगितलेलं क्षेत्रफळ आणि ते कुठलं (कार्पेट, भिंती धरून बिल्टअप, की जिना-लिफ्टचा वाटाही धरून सेलेबल), लिंक. किंमत ८२ वरून ७९ वर आली तर ८२ खोडायचे नाहीत, नवी ओळ टाकायची. मालक किती घाईत आहे हे या उतरत्या ओळींवरून जितकं कळतं तितकं एजंटच्या बोलण्यावरून कळत नाही. किमतीच्या रकान्यात नुसता आकडा लिहा, ‘८२ लाख निगोशिएबल’ असं नको. नाहीतर शीट भागाकार करणार नाही. ‘निगोशिएबल’ला शेरा म्हणून वेगळी जागा द्या.

रकाने पंधरा-वीसच्या वर नेऊ नका. आमच्या जावईबापूंनी रंगीत ड्रॉपडाउन, गुणांकन, वास्तू अशी सगळी आरास केली होती. पण भरायला कोणी बसत नव्हतं. शेवटी मी ते पान लपवून ठेवलं.

प्रत जपायची

लिंकवर विसंबू नका, पान स्वतःकडे उतरवून घ्या. कॉम्प्युटरवर जाहिरात उघडा, आधी ‘अधिक वाचा’वर टिचकी मारून सगळं वर्णन उघडा, मग प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ सेव्ह करा. वर्णनाचा तो दडलेला भाग महत्त्वाचा असतो. ‘पार्किंग ओपन’ किंवा ‘लिफ्टचं काम सुरू’ अशा गोष्टी तिथेच तळाशी सापडतात. पीडीएफमध्ये फोटोंपैकी पहिला एखादाच येतो, म्हणून बाकीच्यांचे स्क्रीनशॉट वेगळे घ्या. हॉलचे सजवलेले फोटो नाही घेतले तरी चालेल. स्वयंपाकघराची खिडकी, बाल्कनीतून दिसणारं बाहेरचं दृश्य, बाथरूमचं छत आणि असल्यास नकाशा, हे चुकवू नका.

फाइलच्या नावात आधी तारीख आणि तारखेत आधी वर्ष: ‘२०२५-०६-१४_वा-०७_८२’. असं लिहिलं की फोल्डर आपोआप तारखेप्रमाणे लागतो. दिवस आधी लिहिला तर जूनची एक तारीख आणि जुलैची एक तारीख शेजारी येऊन बसतात. प्रत्येक घराचा ड्राइव्हवर एक फोल्डर, नाव तेच, वा-०७. व्हॉट्सॲपवर एजंटने पाठवलेले फोटोही त्याच दिवशी तिथे टाका. काही जण चॅटमध्ये मेसेज आपोआप गायब होण्याची सोय लावून ठेवतात, आणि पाठवलेला मेसेज मागून पुसणारे तर बरेच.

एकच फ्लॅट, तीन तोंडं

आता खरं कौशल्याचं काम. रिसेलचा एक फ्लॅट मालक चार एजंटांना सांगतो आणि चौघं आपापली जाहिरात टाकतात. वारज्यातला एक टू-बीएचके मला असा तीनदा भेटला. एका ठिकाणी ‘पाचवा मजला, १०५० स्क्वेअर फूट, ८२ लाख’. दुसरीकडे ‘मिडल फ्लोअर, ९८० बिल्टअप, ८५ लाख’. तिसरीकडे ‘७३५ कार्पेट, ७९ लाख’. फोटो वेगवेगळ्या कोनांतले. पण तिन्हींत स्वयंपाकघराच्या ओट्यामागे एकाच ओळीत चॉकलेटी टाइल, तिच्यातली एक बदललेली, फिकट. आणि बाल्कनीच्या ग्रिलमधून मागे तोच हायवे, तोच होर्डिंगचा लोखंडी सांगाडा. सोसायटीचं नाव तिघांनीही लिहिलं नव्हतं. टाइलने ते काम केलं.

या तिघांचा दर काढून बघा. ८२ लाख भागिले १०५० म्हणजे साधारण ७,८१० रुपये फूट. ८५ भागिले ९८०, म्हणजे ८,६७० च्या आसपास. आणि ७९ लाख भागिले ७३५ म्हणजे जवळजवळ १०,७५०. पोर्टलवर दराप्रमाणे यादी लावली की सर्वांत स्वस्त जाहिरात सर्वांत महाग दिसते, आणि घर तर एकच! म्हणून शीटमध्ये दर काढायचा तो कार्पेटवरच. कार्पेट माहीत नसेल तर दराचा रकाना कोरा ठेवा. सेलेबलवरून अंदाजाने कार्पेट काढून भरू नका. लोडिंग, म्हणजे कार्पेटवर चढवलेली ही वाढ, प्रत्येक इमारतीची निराळी असते.

कार्पेट म्हणजे काय, हे रेरा कायद्यात (बिल्डर आणि घरखरेदीवरचा केंद्राचा कायदा) लिहिलेलं आहे: बाहेरच्या भिंती, डक्ट, तुमच्या एकट्याच्या वापरातली बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून उरलेली वापरायची जागा, आतल्या पार्टिशनच्या भिंती मात्र तिच्यात धरतात. जुन्या रिसेलमध्ये आकडा करारनाम्यावर किंवा इंडेक्स टूवर (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा) बघा. तिथे तो बहुधा चौरस मीटरमध्ये असतो, त्याला १०.७६४ ने गुणा. त्या फ्लॅटच्या इंडेक्स टूवर ६८.३ चौरस मीटर होते, म्हणजे ७३५ फूट. तिघांत ७९ वाला तेवढा सरळ बोलत होता. ‘काकू, कार्पेट-बिर्पेट नंतर, आधी घर तर बघा,’ हे ८५ वाल्याचं उत्तर मी नोंदींच्या शेऱ्यात जसंच्या तसं लिहून ठेवलंय.

फोटो दुसऱ्याच घराचे असल्याची शंका आली तर गूगल लेन्समध्ये टाकून बघा. खराडीच्या जाहिरातीतलं स्वयंपाकघर कुठल्या तरी फर्निचरवाल्याच्या पानावर सापडतं.

ठिकाणाचे दोन रकाने

एक ‘जाहिरातीतलं ठिकाण’, दुसरा ‘खरं ठिकाण’. पुण्यात हे वेगळे ठेवावेच लागतात. शिवणे, कोंढवे-धावडे जाहिरातीत वारजे होतात. किरकटवाडी आणि नांदोशी ‘सिंहगड रोड’ होतात, बावधन ‘कोथरूडलगत’ होतं. कोथरूडच्या लगत किती गावं आहेत, हे मला हे काम हाती घेतल्यावर कळलं. गेटचं लोकेशन व्हॉट्सॲपवर मागवा आणि तीच पिन शीटमध्ये ठेवा. ‘मेट्रोपासून पाच मिनिटं’ असेल तर कुठलं स्टेशन आणि कशाने पाच मिनिटं, हे विचारून लिहा.

खरं ठिकाण कळलं की पाण्याचा प्रश्न आपोआप पुढे येतो. धायरी, आंबेगाव, उंड्री, शिवणे ही २०१७ साली महापालिकेत आलेल्या ११ गावांतली. नऱ्हे, बावधन बुद्रुक, सूस, वाघोली, पिसोळी ही २०२१ च्या २३ गावांतली. हद्दीत आलं म्हणजे नळ आला असं नाही. जाहिरातीतलं ‘२४ तास पाणी’ हे टँकरचं असू शकतं, आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये दर महिन्याला निघतो. शीटमध्ये नळ, बोअर, टँकर यांपैकी काय ते लिहा आणि ते कोणी सांगितलं तेही लिहा. एजंटचं ‘नळ आहे’ आणि वॉचमनचं ‘नळ आहे’ यांचं वजन सारखं नाही.

नदीकाठच्या घरांना आणखी एक शेरा लागतो. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडच्या एकता नगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं होतं. जाहिरातीतले फोटो कधीचे आहेत हे त्यांच्यावर लिहिलेलं नसतं. पार्किंगच्या भिंतीवर नवा रंग कमरेपर्यंतच असेल तर विचारा.

खात्री करून घ्यायचे रकाने

नव्या, चालू बांधकामाच्या जाहिरातीत पहिली गोष्ट महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा, नंबर. पुणे जिल्ह्यातल्या प्रकल्पांचे बरेचसे नंबर ‘पी५२१’ने सुरू होतात. १ ऑगस्ट २०२३ पासून बिल्डरच्या जाहिरातीत क्यूआर कोडही लागतो. तो स्कॅन करा, प्रकल्पाचं पान उघडा, आणि त्याचीही तारीख घालून पीडीएफ ठेवा. विशेषतः ताबा देण्याची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख. ब्रोशरमध्ये ‘पझेशन डिसेंबर’ आणि महारेरावर पुढच्या वर्षीचा जून, असं दिसलं तर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहायचे. एजंटचाही स्वतःचा नोंदणी क्रमांक असतो, तोही घ्या.

ही प्रत नुसती हौस म्हणून ठेवायची नाही. बिल्डरच्या जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या मजकुरावर विसंबून आगाऊ पैसे दिले आणि नुकसान झालं, तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते. त्या वेळी जाहिरातीत काय लिहिलं होतं हे दाखवायला तुमच्याकडे कागद हवा, कारण पोर्टलवर तोवर दुसराच मजकूर असेल. आणि कलम १३ प्रमाणे करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. हेही शीटच्या डोक्यावर लिहून ठेवा. सॅम्पल फ्लॅट बघून आलेल्या माणसाला त्याची आठवण करून द्यावी लागते.

जुन्या सोसायटीतल्या रिसेलला रेराचा नंबर मिळणार नाही. मे २०१७ च्या आधी कम्प्लीशन मिळालेल्या इमारतींना तो लागतच नाही. तिथे माझा भरवसा इंडेक्स टूवर. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये वर्ष, गाव आणि मिळकतीचा क्रमांक (म्हणजे सर्व्हे नंबर) टाकून जुने व्यवहार बघता येतात. सर्व्हे नंबर कुठून आणायचा? पुण्यात तो सोसायटीच्या पत्त्यातच असतो, ‘स. नं.’ म्हणून, गेटवरच्या पाटीवर किंवा मेंटेनन्सच्या पावतीवर बघा. इंडेक्स टूवर ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन आकडे असतात. मोबदला म्हणजे दस्तात दाखवलेली विक्रीची किंमत, बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे सरकारने धरलेलं मूल्य. त्याच इमारतीतले गेल्या एक-दोन वर्षांतले दोन-तीन व्यवहार ‘नोंदी’मध्ये वेगळ्या रंगात घाला. जाहिरातीतल्या ८५ लाखांशेजारी हे आकडे आले की घासाघीस करताना आवाज चढवावा लागत नाही.

आता एकूण खर्च. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क मेट्रोचा अधिभार वगैरे धरून ७ टक्के, खरेदीदार फक्त स्त्रिया असतील तर ६. ते मोबदला आणि बाजारभाव यांपैकी जो आकडा मोठा त्यावर. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. ७९ लाखांच्या घरावर एकट्या लेकीच्या नावाने ४ लाख ७४ हजार, जोडीने घेतलं तर ५ लाख ५३ हजार. शिवाय ब्रोकरेज, आणि हाउसिंग सोसायटी असेल तर ट्रान्सफर फी, जी २५,००० च्या वर घेता येत नाही. हे सगळं धरून एक ‘हातात पडेपर्यंत’ रकाना करा आणि घरांची तुलना त्याच आकड्यावर करा. पार्किंग किमतीत धरलंय की वेगळं, हे यात चुकून राहतं.

फोनचं पान

एकदा नंबर दिला की फोन थांबत नाहीत, तेव्हा जुनं सिम असेल तर तेच या कामाला लावा. प्रत्येक नंबर ‘एजंट वारजे वा-०७’ असा सेव्ह करा. फोन ठेवला की लगेच व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवा: ‘आत्ता बोललो त्याप्रमाणे: कार्पेट ७३५, पार्किंग कव्हर्ड, किंमत ७९ पार्किंगसह, ब्रोकरेज १ टक्का. काही वेगळं असल्यास कळवा.’ समोरचा ‘ओके मॅडम’ लिहितो किंवा दुरुस्ती करतो. दोन्ही कामाचं. गप्प बसला तर तेही तारखेसह नोंदींत जातं.

न बघता ‘घर होल्डवर ठेवायला’ पाच-दहा हजार टोकन मागणारा, किंमत शेजारच्यांपेक्षा फारच कमी आणि मालक म्हणे परदेशात, अशी जाहिरात आली तर कोड देऊन लाल रंग लावा आणि प्रत जपा. कोणाचे पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. तेव्हा हीच जाहिरात, नंबर आणि चॅट हाताशी लागतात.

नाकारलेली घरं पुसू नका. स्थितीच्या रकान्यात ‘नको’ आणि शेजारी कारण, दोन शब्दांत: ‘पश्चिमेचा हॉल’, ‘लिफ्ट नाही’, ‘पोटमाळा बेकायदा’. महिन्याभराने तेच घर नव्या फोटोंसह आणि पाच लाख कमी करून परत येतं तेव्हा कारण वाचा. पैशामुळे नको म्हटलं असेल तर पुन्हा जा. लिफ्ट नसेल तर पाच लाखांनी ती बसत नाही.

शीट घरात सगळ्यांना दिसू द्या, पण बदलायचा अधिकार दोघांनाच. बाकीच्यांनी कॉमेंट टाकाव्यात. आमच्या विहीणबाई नागपूरहून कॉमेंट टाकतात, आणि उगाच कशाला खोटं सांगू, बऱ्याचदा नेमक्या टाकतात.

घर ठरलं की त्या एका घराचा फोल्डर वकिलांना द्या: जाहिरातीच्या प्रती, इंडेक्स टू, महारेराचं पान, चॅट. बाकीच्या घरांच्या फोल्डरांत लोकांचे फोन नंबर, घरांच्या आतले फोटो, दस्तांवरची नावं असतात. व्यवहार पुरा झाल्यावर ते सगळे काढून टाका. मैत्रिणीने शीट मागितली तर तिला रकान्यांची कोरी प्रत पाठवा, भरलेली नाही.